हवानासमोरून रिग गेला तेव्हा

१९ जानेवारी २०१२, गुरुवार. हवाना शहराला समुद्राच्या कडेने मालेकोन नावाची लांबलचक भिंत आहे. सकाळी तिथे नेहमीसारखे गळ टाकून बसलेल्या लोकांना लांबवर काहीतरी दिसलं. ते जहाजासारखं दिसत नव्हतं. जाडजूड खांबांवर उभा असलेला चौथरा, त्याच्यावर क्रेन, आणि मधोमध आभाळात घुसलेला लोखंडी मनोरा, हे सगळं पश्चिमेकडे इतक्या संथपणे सरकत होतं की सरकतंय की जागेवरच आहे, हे कळायला भिंतीवरचा एखादा दिवा धरून बघावं लागत होतं. बघता बघता भिंतीवर गर्दी जमली. पोरं वर चढून बघू लागली. गाड्या थांबल्या.

मी त्या दिवशी तिथे नव्हते. हे दृश्य मला मार्चमध्ये हवानात आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, आणि सांगताना दोन्ही हात पसरून त्या मनोऱ्याची उंची दाखवली. वय सत्तरीच्या पुढचं. भिंतीपासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना भाड्याने देत. ‘त्या दिवशी सगळं हवाना समुद्राकडे तोंड करून उभं होतं, मि इहा,’ त्या म्हणाल्या. मुली म्हणून हाक मारायची त्यांची ती रीत होती.

समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या त्या रिगचं नाव स्काराबेओ ९. मालक इटालियन. सांगाडा चीनमधल्या यांताईला झाला आणि बाकीचं काम सिंगापूरला. तिथून आफ्रिकेला वळसा घालून तो अटलांटिक ओलांडून आला. एवढा लांबचा रिग आणायचं कारण अमेरिकेचे निर्बंध. ज्या यंत्रात दहा टक्क्यांहून जास्त अमेरिकी भाग आहेत ते क्यूबाला वापरता येत नाही. खोल समुद्रातल्या ड्रिलिंगच्या धंद्यात अमेरिकी भाग नसलेला रिग शोधणं किती अवघड असेल, याचा अंदाज एवढ्यावरून यावा की २००४ मध्ये रेप्सोल या स्पॅनिश कंपनीने एरिक राउदे नावाचा नॉर्वेजियन रिग आणून हवानाच्या समुद्रात एक विहीर खोदली, तिथे तेलाचा माग लागला, पण धंद्याजोगं नाही. आणि त्यानंतर दुसरी विहीर खोदायला २०१२ उजाडलं. आठ वर्षं एक अख्खा देश एका यंत्राची वाट बघत होता. म्हणून ती गर्दी.

आम्ही तेव्हा टोरोंटोला राहत होतो. मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीत तिकडची निम्मी माणसं ऊन शोधत कॅरिबियनकडे पळतात, आणि क्यूबाला जाणाऱ्या पर्यटकांत कॅनडातल्या लोकांचा नंबर कित्येक वर्षं पहिला आहे. आम्हीही तसेच वरादेरोच्या विमानात बसलो. चार दिवस समुद्रकिनारी आणि मग हवाना, असा बेत. वरादेरोचा किनारा खरोखर दृष्ट लागावी असा आहे. वीसेक किलोमीटर लांब, अंगठ्याएवढी रुंद जमिनीची पट्टी समुद्रात गेलेली, वाळू पिठासारखी पांढरी आणि पाणी असं निळं की नवऱ्याने काढलेले फोटो बघून आमच्या घरच्यांना रंग वाढवलाय असं वाटलं.

हवानाला जाणारा रस्ता व्हिया ब्लांका. मतान्सासचं आखात ओलांडलं की समुद्र उजव्या हाताला चालू लागतो. वाटेत बाकुनायाग्वाचा पूल येतो. दरीवर शंभर मीटरहून उंच, १९५९ मध्ये पुरा झालेला. तिथे बस थांबते, पर्यटक उतरतात, अननसाच्या पोकळ फळात घातलेलं पेय पितात आणि दरीचे फोटो काढतात. त्याच्या पुढचा रस्ता मात्र माहितीपत्रकात नसतो. सांता क्रूस देल नोर्तेला विजेचा कारखाना लागतो, तिथेच क्यूबाच्या प्रसिद्ध रमचा कारखानाही आहे. मग बोका दे हारूको येतं, आणि बसमध्ये कुजक्या अंड्यांचा वास भरतो. हा गंधकाचा वास. रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या खडकाळ पट्टीत तेलाचे पंप उभे आहेत. एक लांब लोखंडी तुळई वर जाते, खाली येते, वर जाते. मी एका तुळईकडे बघत राहिले. तिच्या डोक्याशी जोडलेला दांडा जमिनीत शिरताना ओला, काळा चकाकत होता. खालच्या सिमेंटवर तेलाचे जुने ओघळ वाळून गेले होते, आणि तिथून पन्नास पावलांवर लाटा फुटत होत्या. यातल्या बऱ्याच विहिरी जमिनीवरून तिरप्या खोदून समुद्राच्या तळाखाली काही किलोमीटर नेलेल्या आहेत. म्हणजे समुद्रातलंच तेल, फक्त रिग न दिसता काढलेलं.

बसमधल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि मार्गदर्शकाला विचारलं, इतक्या सुंदर किनाऱ्यावर हे असलं काही का उभारू देता तुम्ही? तो विशीतला मुलगा. त्याने सांगितलं की हे तेल इतकं जड आणि गंधकाने भरलेलं आहे की ते विजेच्या कारखान्यातच जाळतात. मतान्सासमधला अँतोनियो गितेरास हा देशातला सगळ्यांत मोठा वीजसंच याच तेलावर चालतो. ‘तुमच्या हॉटेलचे एसीसुद्धा,’ तो म्हणाला, अगदी साधेपणाने, कुणाला टोमणा मारायचा नव्हता त्याला. बाई गप्प झाल्या. मीही. वरादेरोच्या चार रात्री आमच्या खोलीत एसी चालूच होता, आम्ही बाहेर असतानाही.

तेव्हापासून या विषयावर माझं एक भांडण आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही. समुद्रात तेल काढण्याला विरोध करायची शंभर कारणं आहेत आणि त्यातली बरीच मला मान्य आहेत. पण ‘देखावा बिघडतो’ हे कारण मी मानायला तयार नाही. पाहुण्याने आठ दिवस येऊन, यजमानाच्या विजेवर गार झोपून, त्याच्या चुलीचा धूर दिसतो म्हणून कुरकुर करावी, हे मला लाजिरवाणं वाटतं. कॅरिबियनमध्ये पर्यटनाचा किनारा आणि तेलाचा किनारा असे दोन वेगळे किनारे नाहीत. तो एकच आहे, कित्येक ठिकाणी एकाच रस्त्यावर आहे.

घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात एक पंखा होता. मी आयुष्यात तसा पंखा पाहिला नव्हता. सोव्हिएत बनावटीचं आउरिका नावाचं कपडे धुण्याचं यंत्र एके काळी तिथे घरोघर होतं. त्याची मोटर काढून, तिला पत्रा कापून केलेली तीन पाती लावून, लाकडाच्या ठोकळ्यावर तो पंखा बसवला होता. जाळी नव्हती. मोटर एकाच वेगात फिरायची, आणि तो वेग असा की ताटलीतला भात उडावा. बाईंच्या दिवंगत नवऱ्याने १९९३ साली केलेला. सोव्हिएत संघ कोसळला आणि तिकडून येणारं स्वस्त तेल थांबलं, तेव्हाचे ते दिवस. सरकारने त्याला ‘विशेष काळ’ असं नाव दिलं होतं. दिवसातले बारा-बारा, सोळा-सोळा तास वीज नाही. बस नाही, म्हणून चीनहून आणलेल्या सायकली. बाई शाळेत भूगोल शिकवत. रोज सायकलने आठ किलोमीटर जायच्या आणि यायच्या, पोटात साखरपाणी. ‘रात्री आम्ही सगळी गल्ली भिंतीवर जाऊन झोपायचो,’ त्या म्हणाल्या. ‘तिथे वारा तरी असायचा. समोर फ्लोरिडाच्या बाजूला आभाळ उजळ आहे असं मुलं म्हणायची. तेवढं लांबचं दिसत नाही, मला माहीत होतं. पण मी त्यांना कधी नाही म्हटलं नाही.’

पुढे व्हेनेझुएलाने हात दिला. क्यूबाचे डॉक्टर तिकडे, तिकडचं तेल इकडे. दिवे बऱ्यापैकी लागू लागले. पण दुसऱ्याच्या मर्जीवरचा दिवा कधीही जाऊ शकतो हे त्या पिढीने एकदा भोगलेलं होतं. म्हणून तो रिग.

बाईंची धाकटी बहीण १९८० साली बोटीतून गेली, ती मायामीला लागून असलेल्या हायलियात स्थायिक झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा. त्या मार्चमध्ये एका रविवारी मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि दोघींचं चढ्या आवाजात चाललेलं बोलणं माझ्या मोडक्या स्पॅनिशने जमेल तेवढं ऐकत होते. फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, ‘ती मेणबत्ती लावते. विहिरीत काही लागू नये म्हणून.’ बहिणीची दोन कारणं होती. एक, तेल लागलं तर राजवटीचे हात बळकट होतील. दुसरं, काही फुटलं तर तवंग तिच्या किनाऱ्याला लागेल. बाईही मेणबत्ती लावत होत्या. त्याच देवीसमोर, कोब्रेच्या मातेसमोर. दोघींच्या आईची ती देवी.

बहिणीचं दुसरं कारण खोटं नव्हतं. मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनला आग लागून अजून दोन वर्षंही झाली नव्हती. २० एप्रिल २०१०, अकरा माणसं गेली, आणि विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत राहिली. हवानाच्या वायव्येला जिथे स्काराबेओ ९ थांबला तिथे पाणी सुमारे १,७०० मीटर खोल, आणि त्या सामुद्रधुनीतून आखाती प्रवाह पूर्वेला आणि मग उत्तरेला फ्लोरिडा आणि बहामाच्या कडेने जोरात वाहतो. तिथे काही फुटलं असतं तर क्यूबाचे दक्षिणेकडचे प्रवाळ वाचले असते कदाचित. उत्तरेच्या कायोंचे, म्हणजे छोट्या बेटांचे, फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’चे, बहामाचे कठीण होते. मासा, कासव, पोवळं यांना कुठल्या देशाचं पाणी हे ठाऊक नसतं. माणसाने तरी ते त्यांच्या वतीने लक्षात ठेवायला हवं.

आणि इथेच मला सर्वांत राग येतो. काळजी होती तर ती घ्यायची साधनं जवळ होती. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर जगातली उत्तमोत्तम जहाजं, तवंग अडवायचे तरंगते बांध, फुटलेल्या विहिरीचं तोंड बंद करायची यंत्रं आणि ती चालवणारी अनुभवी माणसं होती, एक-दोन दिवसांच्या अंतरावर. पण निर्बंधांमुळे त्यांना क्यूबाच्या पाण्यात पाऊल टाकायला खास परवाना लागणार होता. काही कंपन्यांना तो देऊन ठेवला होता, बाकीच्यांनी प्रसंग आल्यावर अर्ज करायचा. जवळच्या शेजाऱ्याला बोलवता येत नाही म्हणून अटलांटिकपल्याडून मदत मागवायची तयारी ठेवावी लागत होती. हेही सांगितलं पाहिजे की दोन्हीकडे शहाणी माणसं होती. रेप्सोलने आपण होऊन बोलावलं आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जानेवारीत त्रिनिदादजवळ रिगवर चढून त्याची तपासणी केली. होरायझनच्या चौकशी आयोगाचे सहअध्यक्ष विल्यम रायली त्याआधीच हवानाला जाऊन आले होते. भांडणाऱ्या दोन सरकारांच्या मधल्या फटीतून काही अभियंते एकमेकांशी झडपा, दाब आणि वाऱ्याविषयी बोलत राहिले. त्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे.

मला हा विषय एवढा लागतो त्याचं एक कारण मी उरणची. लहानपणी आमच्या गच्चीवरून तेल-वायू प्रकल्पाच्या ज्वाला दिसायच्या. अमावस्येलाही आमच्याकडे काळोख पुरता व्हायचा नाही. मामा बॉम्बे हायवर होता. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचा. जपानमध्ये बांधलेल्या सागर सम्राट या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून १६० किलोमीटरवर खोदलं आणि तेल लागलं, ही गोष्ट त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितली की जणू तोच तिथे उभा होता. तो नोकरीला लागला त्याच्या बऱ्याच नंतर. करंज्याचे कोळी मात्र वेगळी गोष्ट सांगत. रिगच्या पायांशी मासळी जमते आणि भोवतीच्या पाचशे मीटरमध्ये बोट न्यायची नाही, असा कायदा. जाळं रिकामं घेऊन परतताना मासळी कुठे आहे हे डोळ्यांना दिसतं. आमच्या घरात पगार तेलाचा यायचा आणि ताटात मासळी कोळ्यांची, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकायची सवय लागली. हवानात मात्र मी चकित झाले, कारण बाईंच्या भाच्याने सहज सांगितलं की त्या विहिरीत तुमच्याही देशाचा हिस्सा आहे. खरंच होता. ओएनजीसी विदेशने २००६ मध्ये रेप्सोलच्या त्या क्षेत्रांत ३० टक्के भागीदारी घेतली होती. रेप्सोलकडे ४०, उरलेले ३० नॉर्वेकडे. मामाच्या कंपनीची उपकंपनी मालेकोनसमोर तेल शोधत होती. त्या रात्री मी बाईंच्या मेणबत्तीशेजारी उभी राहिले.

समोरची बाजूही मी विसरत नाही. बेलीझने आपल्या सगळ्या समुद्रात तेल शोधायला कायद्याने मनाई केली आणि २०१८ मध्ये युनेस्कोने तिथल्या प्रवाळाला धोक्यातल्या वारशाच्या यादीतून काढलं. लहान देशाने घेतलेला तो मोठा निर्णय आहे. पण बेलीझला वीज मेक्सिकोकडून विकत मिळते. फ्लोरिडानेही आपल्या किनाऱ्याजवळ रिग येऊ दिले नाहीत, कारण त्याला तेल दुसरीकडून मिळतं. क्यूबाला विकत घ्यायला पैसा नाही आणि विकणाऱ्याला विकायची मोकळीक नाही. ‘नको’ म्हणायची ऐपत सगळ्यांकडे सारखी नसते.

मेमध्ये आम्ही टोरोंटोत होतो तेव्हा बातमी आली. रेप्सोलची विहीर कोरडी निघाली. विहिरीचं नाव हाग्वेय. मग तोच रिग मलेशियाच्या पेट्रोनासने रशियन भागीदारासोबत घेतला, ऑगस्टमध्ये त्यांचंही उत्तर तेच. नोव्हेंबरमध्ये व्हेनेझुएलाच्या कंपनीने तिसरी विहीर कोरडी जाहीर केली. दिवसाचं भाडं पाच लाख डॉलरच्या आसपास असलेला रिग निघून गेला. तो जाताना भिंतीवर कुणी जमलं का, असं मी बाईंना पत्रात विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, तो कधी गेला ते आम्हाला रेडिओवरून कळलं. डिसेंबरात सोंगा मर्कुर नावाचा आणखी एक रिग रशियनांनी कायो कोकोच्या बाजूला आणला, तिथल्या हॉटेलांच्या उत्तरेला. तोही २०१३ मध्ये काम अर्धवट टाकून गेला.

बहिणीची मेणबत्ती फळली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पहिली विहीर कोरडी निघाली त्याच उन्हाळ्यात तिने हायलियाहून एका ओळखीच्या माणसाबरोबर बाईंना चार्जिंगचा दिवा पाठवला.

सगळ्यांची नजर क्षितिजावर होती आणि घात जमिनीवर झाला. ५ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी मतान्सासच्या तेलसाठ्यावर वीज पडली. एक टाकी पेटली, तिने दुसरी पेटवली, आठांपैकी चार टाक्या गेल्या. धूर शंभर किलोमीटरवरच्या हवानापर्यंत आला. डझनाहून जास्त माणसं मेली, बरेचसे आग विझवणारे, आणि त्यात सक्तीच्या लष्करी सेवेतली कोवळी पोरं होती. ज्या आखाताच्या कडेने पर्यटकांची बस जाते तिथलीच ही जागा. मेक्सिको आणि व्हेनेझुएलाची विमानं मदतीला आली. अमेरिकेकडून तज्ज्ञांचा सल्ला आला, फोनवरून. नव्वद मैलांवरून.

१८ ऑक्टोबर २०२४ ला गितेरासचा संच बंद पडला आणि सबंध बेट एकदम काळोखात गेलं. सुमारे एक कोटी माणसं. मी दिवसभर बाईंना फोन लावत होते, लागत नव्हता. शेवटी हायलियाला बहिणीला लावला. तिलाही काही कळलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. बाई बऱ्या आहेत, फ्रिजमधलं कोंबडीचं मांस नासलं, गल्लीने मिळून कोळशावर शिजवून काढलं तेवढं काढलं. मग तिने विचारलं, तुमच्याकडून या हिवाळ्यात कुणी वरादेरोला जातंय का? सौर पट्टीवर चार्ज होणारी एक बॅटरी तिने हेरून ठेवली होती. बाईंचा पंखा आणि एक दिवा रात्रभर चालेल एवढी. मायामीहून पाठवायला फार लागतं, टोरोंटोच्या पर्यटकाच्या बॅगेत सहज जाईल.

आमच्या इमारतीतली एक मुलगी डिसेंबरात जाणार होती. नवऱ्याबरोबर, सात दिवस, सगळं हॉटेलातच. तिला मी बॅटरी दिली, बाईंचा पत्ता दिला, आणि एक दिवस काढून हवानाला जायचं कबूल करून घेतलं. तिने विचारलं, बसमधून बघण्यासारखं काही असतं का वाटेत?

मी म्हटलं, ‘पुलानंतर झोपू नकोस. जाताना उजव्या खिडकीशी बस, बोका दे हारूकोचे पंप त्या बाजूला आहेत. वास येईल. खिडकी लावू नकोस.’